झाडबेडकांच्या बऱ्याच जातींत गुणसूत्रं २४च असतात, मग त्यांच्यात उत्क्रांती झालीच नाही का?

झाली, आणि भरपूर झाली. नुसती संख्या मोजून ती दिसत नाही, एवढंच.

आधी संख्येबद्दल. झाडबेडकांच्या हायलिडी कुळात २४ नेहमीची असली तरी डेंड्रोप्सोफस या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) ३० गुणसूत्रं असतात, बोआना अल्बोपंक्टाटा या जातीत २२. उत्तर अमेरिकेतल्या ड्रायोफायटिस व्हर्सिकलरमध्ये तर अख्खा संचच दुप्पट होऊन ४८ झाली आहेत. त्याचा २४वाला भाऊबंद क्रायसोसेलिस दिसायला अगदी तसाच. रानात दोघांना ओळखायचं ते आवाजावरून.

पण खरी गंमत पुनरावृत्त डीएनएत आहे, म्हणजे एकच छोटा क्रम हजारो वेळा एकामागे एक आलेले पट्टे. पेशी डीएनएची नक्कल करताना किंवा गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलताना असे पट्टे सहज लांबतात, आखडतात. त्यात सहसा महत्त्वाची जनुकं नसल्याने बदल खपून जातात. म्हणून दोन जवळच्या जातींत संख्या आणि आकार सारखे असूनही हे पट्टे वेगळ्या जागी सापडतात. चमकणारा रंग लावलेले डीएनएचे तुकडे गुणसूत्रांवर चिकटवले की हे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतात.

मला सर्वांत आवडणारं उदाहरण पीसीपी१९० या अशाच एका पुनरावृत्त क्रमाचं. तो ५एस आरएनएच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा, रायबोसोमचा, एक भाग) जनुकापासूनच निघालेला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या स्यूडिस टोकँटिन्समध्ये फक्त मादीत असणाऱ्या डब्ल्यू या लिंग-गुणसूत्रावर त्याचा मोठा साठा आहे. त्यामुळे लिंग-गुणसूत्रं वेगळी कशी होत जातात, हे अभ्यासायला हा बेडूक फार मोलाचा.