रात्री डिलीट होणाऱ्या ओळी

"मॅडम, सकाळी मैत्रिणीला कामांची यादी पाठवते आणि रात्री तिचा मेसेज आला की फोन उलटा करून ठेवते." माझ्याकडे सेशनला येणारी, थिसिस लिहिणारी मुलगी (तपशील बदललेत). अकाउंटेबिलिटी पार्टनर, म्हणजे कामं झाली का याचा रोज हिशोब द्यायचा असं कुणीतरी, केला तरी कामं होत नाहीत, वर गिल्ट वाढतो, ही तक्रार नेहमीचीच.

म्हटलं फाइल दाखव. दोघींच्या शेअर्ड फोल्डरमधली साधी टेक्स्ट फाइल, टूडू डॉट टीएक्सटी पद्धतीची, म्हणजे एका ओळीत एक काम, झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स आणि तारीख. तीन आठवडे एकही ओळ एक्सशिवाय नाही! मग अडलंय कुठे? बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाली, न झालेल्या ओळी झोपायच्या आधी डिलीट करते.

खोटेपणा नाही हो हा, लाज आहे. आणि रोज सकाळी लिहायची काय, तर "चॅप्टर ३ संपवणे", अशी आठ-नऊ कामं, पाठवली की तिला एकदम हलकं वाटायचं, जणू निम्मं काम झालंच. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांचे २००९चे प्रयोग आहेत यावर, आपण कोण होणार हा इरादा दुसऱ्याने वाचला की माणूस त्यासाठी कमी झटतो, कारण आपण ते झालोच असं वाटायला लागतं. त्यांचंच आधीचं काम मात्र कामाला येतं: काय करणार याबरोबर कधी आणि कुठे हेही ठरवायचं.

म्हणून ओळ बदलली. "दोन वाजता लॅपटॉप उघडला की चॅप्टर ३चा दुसरा पॅरा." दिवसाला तीनच ओळी, डिलीट बंद, राहिलेल्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आणि दोन शब्दांत कारण. मैत्रिणीने "का नाही झालं?" विचारायचं नाही, "उद्या कुठून?" एवढंच.

सगळ्यात अवघड होतं मैत्रिणीला खरं सांगणं. ती चिडली, आणि तिचं बरोबरच होतं, म्हणाली तुझी फाइल बघून मीपण रोज दहा-दहा कामं लिहीत बसले ना! दोन दिवस अबोला, मग फाइल परत सुरू.

मागच्या आठवड्यात फाइल पाहिली, पाच ओळींना एक्स नव्हता. त्यातली "जेवण झाल्यावर गाइडना मेल" सलग तीन दिवस, पुढे प्रश्नचिन्ह, आणि कारण तिन्ही दिवस तेच, "भीती". ते सेशन मग गाइडवरच गेलं.