बहिष्काराची हाक, बोगस बियाण्याचा आरोप आणि मुलीचा फोटो : यात गुन्हा नेमका कोणता?

प्रश्न : रावेर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. फळपीक विम्याच्या एका बातमीखाली मी फेसबुकवर रागाच्या भरात लिहिलं, 'निम्म्या लोकांच्या शेतात केळीचं खोडही नाही अन् विमा उचलतात.' रातोरात त्याचे स्क्रीनशॉट तालुकाभर फिरले. सकाळी मी कमेंट काढली, माफीही लिहिली. तरी तीन आठवडे 'याच्या दुकानात पाय ठेवू नका, याची उधारी देऊ नका' असे मेसेज चालूच आहेत. कोणीतरी स्क्रीनशॉटमध्ये एका जातीबद्दलची ओळ घुसवली. 'बोगस बियाणं विकतो, परवाना रद्द झालाय' असंही पसरलं. जळगावला शिकणाऱ्या माझ्या १९ वर्षांच्या मुलीचा फोटो कॉलेजच्या नावासह टाकला, त्याखाली घाणेरड्या कमेंट आल्या. आमच्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'याच्याकडून माल घेईल त्याला ११ हजार दंड' असा ठराव फिरला. एक पेज चालवणारा फोनवर म्हणाला, '५० हजार द्या, सगळं खाली उतरवतो.' मला ग्रुपच्या अॅडमिनसकट सगळ्यांवर अब्रुनुकसानीची केस टाकायची आहे. आणि उधारी बुडवू पाहणाऱ्यांची नावं, रकमा मीही फेसबुकवर टाकणार आहे. करू का?

उत्तर : भाऊ, दोन्ही करू नका. तुमच्या बाबतीत सरळसरळ गुन्हे झाले आहेत आणि त्यातले दोन-तीन गंभीर आहेत. पण ते शेकडो लोकांच्या रागासोबत एकाच अर्जात कोंबलेत, तर ठाणे अंमलदाराला ते फेसबुकवरचं भांडण वाटेल. एक एनसी (अदखलपात्र नोंद, जिचा पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत) होईल आणि विषय तिथेच थांबेल. म्हणून आधी निवड करा.

जे गुन्हा नाही ते पहिल्यांदा बाजूला काढा. तुमच्याकडून माल न घेणं, इतरांना 'घेऊ नका' म्हणणं, तुमच्या वाक्याचा खरा स्क्रीनशॉट फिरवणं, 'शेतकऱ्याच्या जिवावर दुकान चालवतो अन् त्यालाच चोर म्हणतो' असं लिहिणं, हे सगळं कायद्याने चालतं. ग्राहकाने कुठे खरेदी करायची हा त्याचा प्रश्न आहे, आणि बोलण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिला आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टसाठी अटक झाली होती. त्यानंतर उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. एखादं बोलणं त्रासदायक किंवा चीड आणणारं आहे एवढ्यावर गुन्हा होत नाही, हे तेव्हापासून पक्कं आहे. याच न्यायाने तुमची मूळ कमेंटही बहुधा गुन्हा ठरणार नाही. 'निम्मे लोक' म्हणजे नेमके कोण हे ओळखता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या, अनिश्चित समूहाची कायदेशीर अर्थाने बदनामी होत नाही. पण केळीवाल्या शेतकऱ्याला ते वाक्य लागणारच. करपा, वादळ आणि विम्याच्या फेऱ्या या सगळ्यांतून तो जात असतो. त्याचा राग खरा आहे, आणि तो राग कोर्टाकडून बंद करून घेता येणार नाही.

आता मतं आणि तथ्यं वेगळी करा. 'हा माणूस वाईट आहे' हे मत झालं. 'याचा परवाना रद्द झाला' हे तथ्याचं विधान आहे, कागदाने तपासता येतं. ते खोटं असेल आणि त्याने तुमची पत खाली आली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली ती बदनामी होते. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. त्यासाठी बियाणे, खते आणि कीटकनाशके अशा तिन्ही परवान्यांच्या प्रती काढा. परवाना चालू असल्याचं पत्र कृषी कार्यालयाकडून लेखी अर्ज करून घ्या. खताचे ओ फॉर्म (खत कोणाकडून आलं त्याचा दाखला), कंपन्यांची प्रिन्सिपल सर्टिफिकेटं (त्यांचा माल विकायची संमती), स्टॉक रजिस्टर आणि लॉट नंबर असलेली बिलबुकं एका फाइलीत लावा. खोटेपणा या फाइलीतूनच सिद्ध होतो.

इथे एक सावधगिरी. 'मी अमुक तारखेला तुमच्याकडून कपाशीचं पाकीट नेलं, उगवलं नाही' असं कोणी बिलाच्या फोटोसह लिहिलं असेल, तर त्याला नोटीस पाठवू नका. तो स्वतःचा अनुभव सांगतोय, आणि तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायचा त्याला अधिकार आहे. त्याचा लॉट तपासा, कंपनीला कळवा. अशा एकालाही तुम्ही कोर्टात खेचलं, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या तक्रारी दडपशाही वाटू लागतील.

सगळ्यात आधी मुलीचं काम करा. उद्याच, बाकी काहीही न करता. तक्रार तिने स्वतः द्यावी, तुम्ही सोबत जा. बाईच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी न्याय संहितेचं कलम ७९ आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. कोणी तिला वारंवार मेसेज करत असेल किंवा ऑनलाइन तिच्या मागावर असेल, तर कलम ७८. फोटोत छेडछाड करून तो अश्लील केला असेल, तर आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम ६७ लागतं. ती जळगावला आहे म्हणून रावेरला पाठवलं जाईल, किंवा उलट. ते ऐकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात दखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. ऑनलाइनही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. न्याय संहितेच्या कलम ७८-७९ ची खबर महिला पोलिसाने किंवा महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, हे तिथे आठवणीने सांगा. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, तिथेही नोंदवा आणि पोच क्रमांक ठाण्याच्या अर्जात लिहा. बाप चुकला म्हणून मुलीला ओढायचं, याला कुठलाच कायदा निषेध म्हणत नाही.

दुसरा अर्ज ५० हजार मागणाऱ्याचा. हा वेगळा माणूस आणि वेगळा गुन्हा आहे, म्हणून वेगळा अर्ज. बदनामीची भीती घालून पैसे मागणं म्हणजे खंडणी. तुम्ही पैसे दिले नसले तरी भीती घालणं हाच न्याय संहितेच्या कलम ३०८(३) खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा. पैसे दिले गेले, तर ३०८(२) खाली ७ वर्षांपर्यंत. 'थोडे कमी करा' असं म्हणत घासाघीस करू नका. पुढे तो त्याला व्यवहार म्हणेल. कॉल रेकॉर्डिंग असेल तर फोन तसाच ठेवा. नसेल तर कॉलची तारीख, वेळ, नंबर आणि बोललेले शब्द आजच वहीत उतरवा.

तिसरा, जातीची ओळ घुसवलेला स्क्रीनशॉट. याकडे तुम्ही जेवढं लक्ष द्यायला हवं तेवढं दिलेलं दिसत नाही. अब्रू घालवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज बनावट करणं हा न्याय संहितेच्या कलम ३३६(४) खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. पण खरी भीती दुसरी आहे. ती ओळ खरी मानून कोणी तुमच्यावर अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार दिली, तर मूळ कमेंट काय होती हे तुम्हाला दाखवावं लागेल आणि ती तर तुम्ही काढून टाकली. म्हणून त्या पहिल्या रात्री काढलेला, ओळ घुसण्याआधीचा स्क्रीनशॉट कोणाकडे आहे ते शोधा. तो तुमच्यावर चिडलेल्या माणसाकडे असला तर आणखी चांगलं, त्याच्यावर तुमच्या बाजूचा म्हणून संशय घेता येणार नाही. फेसबुककडून मूळ नोंद मागवण्याची विनंती पोलिसांना लेखी करा. २०२१ च्या आयटी नियमांतलं १८० दिवस नोंद जपण्याचं बंधन फेसबुकने स्वतः काढलेल्या मजकुरापुरतं आहे, तुम्ही काढलेल्या कमेंटची नोंद तिथे किती दिवस राहील याची खात्री नाही. तुमचे तीन आठवडे गेलेच आहेत.

चौथा, समाजाचा ठराव. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा, लागू झाला ३ जुलै २०१७ पासून. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण याची मर्यादा नीट समजून घ्या. समाजातल्याच लोकांनी समाजातल्याच माणसावर किंवा कुटुंबावर बहिष्कार टाकला, तेव्हाच हा कायदा येतो. गावातल्या सगळ्या जातींच्या शेतकऱ्यांनी चिडून तुमच्याकडची खरेदी थांबवली, तर तिथे तो लागत नाही. ग्रुपवरचा ठराव मात्र, विशेषतः ११ हजारांचा दंड आणि उद्या लग्नाकार्यात बोलावणं बंद झालं तर तेही, त्याच्या कक्षेत येतं. गुन्हा दखलपात्र आहे.

ठराव टाकला कोणी, हे नेमकं दाखवा. ग्रुपचा अॅडमिन आहे एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल अॅडमिनला, त्याचा समान हेतू दिसल्याशिवाय, जबाबदार धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. अॅडमिनने स्वतः ठराव लिहिला असेल किंवा विरोध करणाऱ्याला ग्रुपमधून काढलं असेल, तर गोष्ट वेगळी.

पुराव्यात बहुतेक जण अडकतात. नुसते स्क्रीनशॉट प्रिंट करून नेऊ नका. प्रत्येक पोस्टची लिंक, प्रोफाइलची लिंक (दिसणारं नाव रोज बदलता येतं, प्रोफाइलची लिंक सहसा तीच राहते), तारीख आणि वेळ टिपा. पोस्ट उघडून वरपासून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. व्हॉट्सअॅपचा चॅट एक्स्पोर्ट करा, मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग चालू असेल तर ताबडतोब बंद करा. ज्या फोनवर हे आलं तो विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने, फाइलच्या हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा). प्रमाणपत्र ही नुसती औपचारिकता नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखालचं असंच प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं होतं.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की समाजाच्या ग्रुपवरचा ठराव तुम्हाला कोणीतरी पुढे पाठवला असणार. मग मूळ मेसेज ज्याच्या फोनवर आहे त्याने प्रमाणपत्र द्यायला हवं, साक्षही द्यायला हवी. स्क्रीनशॉट पाठवणारे दहा भाचे-पुतणे मिळतात, सही करणारा एक मिळणं कठीण जातं. त्याला आजच विचारा, आणि तो नाही म्हणाला तर तक्रारीत ग्रुपचं नाव, तारीख आणि मेसेज टाकणाऱ्याचा नंबर द्या. पोलीस तपासात फोन ताब्यात घेऊ शकतात.

ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह. अधीक्षकांची पायरी गाळलीत, तर दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज तेवढ्याच कारणावर अडतो. ३ वर्षं किंवा जास्त, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, त्याने घाबरून जाऊ नका.

बदनामी पोलिसांकडे जात नाही. ती खाजगी फिर्याद, रावेरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, ३ वर्षांच्या आत. नव्या कायद्याने कोर्ट दखल घेण्याआधी आरोपीलाही बोलायची संधी देतं, म्हणजे आणखी तारखा. दिवाणी दाव्याची मुदत तर फक्त १ वर्ष आहे, पोस्ट प्रसिद्ध झाल्यापासून. मागाल त्या रकमेवर कोर्ट फी लागते, त्यामुळे ५० लाखांचा आकडा रागात टाकू नका. खटला चालू असताना सगळ्यांची तोंडं बंद करणारा मनाई हुकूमही सहजी मिळत नाही. प्रकाशनावर सुनावणीआधी बंदी अपवादानेच घालावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात बजावलं आहे. परवाना रद्द झाल्याचं सगळ्यात आधी लिहिणारे दोघे-तिघे शोधा आणि त्यांनाच वकिलामार्फत नोटीस द्या. शब्द जसेच्या तसे, लिंक, तारीख, सोबत कृषी कार्यालयाचं पत्र, आणि १५ दिवसांत पोस्ट काढून त्याच ग्रुपवर खुलासा टाकण्याची मागणी. बहुतेक जण एवढ्यावर पोस्ट काढतात. फॉरवर्ड करणाऱ्या बाकीच्यांवरही कायद्याने जबाबदारी येऊ शकते, पण ते तुमचेच गिऱ्हाईक आहेत. त्यांना सोडा.

फेसबुकच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही प्रत्येक पोस्टची वेगळी तक्रार करा. त्यांनी नाकारलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

माफीबद्दल. तुम्ही काय लिहिलंत ते प्रश्नात नाही. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असं असेल, तर पुन्हा लिहा : 'अमुक तारखेला मी हे वाक्य लिहिलं. त्यात सगळ्या केळी उत्पादकांवर खोटेपणाचा आरोप झाला. ते चुकलं, मी ते मागे घेतो.' जातीच्या ओळीबद्दल वेगळी पोस्ट करा : ती माझी नाही, पोलिसांत तक्रार दिली आहे. दोन्हींखाली कोणाला उत्तर देऊ नका.

आणि उधारीची यादी. बदनामीच्या फौजदारी कायद्यात विधान खरं असणं पुरेसं नसतं, ते सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. अमक्याकडे १८ हजार बाकी आहेत हे तालुक्याला कळण्यात सार्वजनिक हित नाही. यादी टाकलीत की आरोपीच्या जागी तुम्ही उभे राहाल. 'उधारी देऊ नका' म्हटल्याने कोणाचं देणं फिटत नाही. माल दिल्यापासून, किंवा हंगामाअखेरची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, ३ वर्षांत वसुलीचा दावा करता येतो. मुदतीच्या आत खातेदाराने खात्यावर सही करून बाकी मान्य केली, तर ३ वर्षं नव्याने मोजली जातात. खतावणी काढा, कोणाची मुदत आधी संपते त्याप्रमाणे नावं लावा आणि ज्यांच्याशी अजून बोलणं आहे त्यांच्या सह्या घरी जाऊन, शांतपणे घ्या.