तिकिटाविना डच उत्सव

प्रश्न: नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अ‍ॅमस्टरडॅमशेजारच्या अ‍ॅमस्टलव्हेनला आलोय. मुलगी दुसरीत आहे. इथल्या फेस्टिव्हलची तिकिटं परवडत नाहीत, डच येत नाही. मग करमणूक कशी करायची?

उत्तर: ताई, तिकिटांच्या नादी लागूच नका. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो (रविवार आला तर २६ला). लेकीला नारिंगी फ्रॉक घाला आणि सकाळीच अ‍ॅमस्टरडॅमच्या फॉन्डेलपार्कात न्या. तिथं पोरंच दुकानदार! चादरीवर जुनी खेळणी, कोडी, बूट मांडलेले. कुणी व्हायोलिन कर्कश वाजवत पुढ्यात टोपी ठेवतं. तिलाही तिची जुनी खेळणी घेऊन बसवा. घासाघीस बोटांवर भागते, फक्त सुट्टी नाणी ठेवा. उट्रेख्ट शहरातला असाच बाजार तर आदल्या संध्याकाळी सहालाच सुरू होतो. मला तोच जास्त आवडतो.

गाणंबजावणं हवं असेल तर कॉन्सर्टखेबाऊ, अ‍ॅमस्टरडॅमचं १८८८ सालचं सभागृह. हंगामात तिथं दुपारी अर्ध्या तासाच्या फुकट मैफली असतात. वेळापत्रक आधी बघून घ्या. ऑगस्टमध्ये प्रिन्सेनग्राख्ट कालव्यावर मैफल होते. होडीवाल्यांची चैन, आपण काठावर उभं राहायचं. छत्रीऐवजी रेनकोट न्या, नाहीतर मागचे वैतागतात.