चारशे वस्तीच्या गावाचे आकडे कसे वाचायचे?

प्रश्न: अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका 'व्हिलेज'वर मी प्रकल्प करतो आहे. एका तक्त्यात लोकसंख्या ४१२ आहे, दुसऱ्यात ५३०. घरांचं मध्यक उत्पन्न शेजारच्या गावापेक्षा ८,००० डॉलरने जास्त दिसतं. वंशाच्या टक्क्यांत हिस्पॅनिक मिळवले तर बेरीज शंभरावर जाते. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर: ४१२ हा आकडा बहुधा १ एप्रिल २०२० च्या जनगणनेचा असेल आणि ५३० 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या नमुना पाहणीचा. ही पाहणी देशभरात वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते. ६५,००० पेक्षा लहान गावांना ती एका वर्षाचे आकडे देत नाही, पाच वर्षांची माहिती एकत्र करून देते. तरीही चारशे वस्तीतून मोजकीच घरं हाती लागतात. म्हणून डोकी जनगणनेतून घ्या. उत्पन्न, शिक्षण, दारिद्र्य मात्र पाहणीतूनच घ्यावं लागतं, कारण २००० नंतर जनगणना हे विचारतच नाही.

उत्पन्नाच्या शेजारचा 'अधिक-उणे' (±) रकाना, म्हणजे आकडा किती वर-खाली असू शकतो ते, आधी वाचा, बहुतेक चुका तिथेच होतात. समजा तुमच्या गावाचं उत्पन्न ५२,००० ± १४,००० आणि शेजारचं ४४,००० ± ९,००० आहे. दोन्ही ± चे वर्ग करून मिळवा आणि वर्गमूळ काढा: सुमारे १६,६००. फरक ८,०००च, म्हणजे तो नमुन्याच्या चढउतारात बुडाला. 'हे गाव श्रीमंत आहे' असं लिहू नका. काळाची तुलना करायची तर २०१४–१८ शेजारी २०१९–२३ ठेवा. एकमेकांवर चढणारे कालखंड नकोत.

जनगणनाही अगदी नेमकी नसते. कुणाची माहिती ओळखू येऊ नये म्हणून २०२० मध्ये आकड्यांत मुद्दाम थोडी ढवळाढवळ केली गेली. नेब्रास्का राज्यातल्या मोनोवी या गावात एकच माणूस राहत होतं, पण नोंद झाली दोघांची. वयोगटांसारख्या बारीक तुकड्यांत तर एक-दोन माणसांचा फरक धरूच नका.

हिस्पॅनिक हा प्रश्न वंशापासून वेगळा विचारला जातो. एकच माणूस गोरा आणि हिस्पॅनिकही असतो. हे टक्के बेरजेत धरू नका.

रोजगाराचा तक्ता गावात राहणाऱ्यांचा असतो, गावातल्या कामांचा नव्हे. गावात धान्याचा एलेव्हेटर (धान्य साठवायचं उंच कोठार) आणि पोस्ट एवढंच असलं, तरी तक्त्यात कारखान्यातले कामगार भरपूर दिसतील, कारण लोक गाडीने दुसऱ्या गावी कामाला जातात. गावातल्या नोकऱ्या हव्या असतील तर जनगणना खात्याचं 'ऑनदमॅप' हे ऑनलाइन साधन बघा. गावात वृद्धाश्रम असेल तर तिथले रहिवासीही गावाच्या लोकसंख्येत धरलेले असतात. सरासरी वय तेवढ्यानेच वर जातं.

आणि 'व्हिलेज' हा शब्द आकारावरून ओळखू नका. ओहायोत ५,००० वस्ती झाली की ते शहर होतं. इलिनॉयमधलं शॉमबर्ग सत्तर हजारांपुढे असूनही कायद्याने व्हिलेजच आहे.