अमेरिकेतला डायमंड हा कॉमिक्स वितरक बुडाला, तर एवढा हलकल्लोळ कशासाठी? भारतातल्या वाचकाला त्याचं काय?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. जानेवारी २०२५ मध्ये 'डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स'ने दिवाळखोरीचा अर्ज केला, एक वितरक गेला तर दुसरा येईल, मग दुकानदार आणि प्रकाशक एवढे हवालदिल का, हा पहिला. आणि इथे बसून अमेरिकी कॉमिक्स मागवणाऱ्याला किंवा मराठीत स्वतःची ग्राफिक कादंबरी काढू पाहणाऱ्याला (तुम्ही ती काढताय, असं लिहिलंय) यात काही घेण्यासारखं आहे का, हा दुसरा.

आधी एक गोंधळ मिटवू. चाचा चौधरी छापणाऱ्या दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सचा या कंपनीशी काडीचाही संबंध नाही. ती १९७८ मधली भारतीय प्रकाशनसंस्था. ही १९८२ मध्ये स्टीव्ह गेपी यांनी अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये काढलेली घाऊक वितरणाची कंपनी. हिने कॉमिक्स काढली नाहीत, पोहोचवली.

हलकल्लोळाचं कारण समजायला अमेरिकेतल्या कॉमिक्स दुकानाचा धंदा कसा चालतो ते बघावं लागतं. पूर्वी तिथे कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर मिळायची आणि न खपलेला माल परत जायचा. परत म्हणजे अख्खा अंक नव्हे. मुखपृष्ठ फाडून पाठवायचं, पुढे पुढे तर नुसतं लेखी प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पैसे वळते करून घ्यायचे. त्यात लबाडीला भरपूर वाव होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनचे एक शिक्षक, फिल स्यूलिंग, यांनी प्रकाशकांशी वेगळा सौदा केला: दुकानदाराला सवलत जास्त द्या, पण माल परत घेऊ नका. याच पद्धतीला 'डायरेक्ट मार्केट' म्हणतात आणि कॉमिक्सची स्वतंत्र दुकानं उभी राहिली ती तिच्यावरच.

आकड्यांत बघा. अंकाची किंमत ४.९९ डॉलर, दुकानदाराला ढोबळ निम्मी सवलत धरू. म्हणजे अंक अडीच डॉलरला पडला. वीस प्रती मागवल्या की पन्नास डॉलर गुंतले. दहा खपल्या की मुद्दल सुटलं. चौदा खपल्या तर वीसेक डॉलर वर राहिले, त्यातून भाडं, पगार आणि वाहतूक. उरलेल्या सहा प्रती दुकानदाराच्याच गळ्यात. म्हणजे धंद्याची सगळी जोखीम त्याच्या एका अंदाजावर, आणि तो अंदाज अंक बाजारात येण्याच्या दोन महिने आधी बांधायचा. ऑगस्टच्या अंकांची जाहिरात जूनच्या कॅटलॉगमध्ये येते, महिनाअखेर मागणी जाते, आणि अंक यायच्या साधारण तीन-चार आठवडे आधी आकडा बदलायची शेवटची संधी मिळते. तिला 'फायनल ऑर्डर कटऑफ' म्हणतात. प्रकाशक किती छापायचं ते त्यानंतर ठरवतो. तिथले दुकानदार गिऱ्हाइकांच्या मागे लागून नावं का लिहून घेतात, ते यावरून कळेल. नवे अंक येतात त्या बुधवारी दुकानात येऊन 'अमका अंक आहे का' विचारणाऱ्याचा छपाईच्या आकड्यावर काहीच परिणाम होत नाही.

आता वितरक. तो प्रकाशकाकडून छापील किमतीच्या साधारण चाळीस टक्क्यांना घेतो आणि दुकानाला पन्नासच्या आसपास देतो. वरच्या अंकावर त्याला पन्नासेक सेंट सुटतात. त्यात गोदाम, माणसं, खोकी आणि दुकानांना दिलेली उधारी. हा धंदा केवळ मोठ्या उलाढालीवर तगतो, आणि ती उलाढाल डायमंडकडे आली कशी हा तर कादंबरीचाच विषय आहे. १९९४च्या अखेरीस मार्व्हलने 'हीरोज वर्ल्ड' नावाचा वितरक विकत घेतला आणि आपला माल फक्त तिथूनच मिळेल असं ठरवलं. उत्तरादाखल १९९५ मध्ये डीसी, इमेज आणि डार्क हॉर्स हे प्रकाशक डायमंडशी बांधले गेले. एवढ्या मालाचा भार हीरोज वर्ल्डला पेलला नाही. १९९६ मध्ये डायमंडने उरलेला मोठा स्पर्धक, 'कॅपिटल सिटी', विकत घेतला आणि १९९७ मध्ये मार्व्हलही मुकाट डायमंडच्या दारी आलं. मक्तेदारीची सरकारी चौकशी झाली, पण २००० मध्ये ती कारवाईविना बंद झाली. पुढची वीस वर्षं अमेरिकेतलं जवळपास प्रत्येक कॉमिक्स दुकान एकाच खात्यावर, एकाच कॅटलॉगमधून माल मागवत होतं. सोय मोठी होती, पण धोकाही तितकाच मोठा होता.

छोट्या प्रकाशकांनी या मक्तेदारीची झळ आधीच सोसली होती. २००९ मध्ये डायमंडने एका शीर्षकासाठी किमान मागणीची अट दीड हजारावरून अडीच हजार डॉलरवर नेली, तीही घाऊक दराने. मागणी त्याखाली राहिली तर शीर्षक कॅटलॉगमधून गळायची पाळी. कृष्णधवल, एकट्याने काढलेली कॉमिक्स यात भरडली गेली.

मग २०२० आलं. कोविडमुळे डायमंडने १ एप्रिलपासून नवा माल पाठवणं थांबवलं आणि प्रकाशकांची देणीही रोखून धरली. २० मे रोजी गाडी पुन्हा सुरू झाली, पण तोवर डीसीने पर्याय शोधला होता. त्यातला 'लुनार' हा वितरक सवलतीत ऑनलाइन कॉमिक्स विकणाऱ्यांचाच. आपला स्पर्धकच आपला पुरवठादार झाला म्हणून दुकानदार खवळले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. तरी जूनमध्ये डीसीने डायमंडशी काडीमोड घेतलाच. ऑक्टोबर २०२१ पासून मार्व्हल 'पेंग्विन रँडम हाऊस' या बड्या पुस्तक प्रकाशकाच्या वितरण शाखेकडे गेलं, त्यापाठोपाठ आयडीडब्ल्यू हा प्रकाशक आणि डार्क हॉर्स. २०२३ मध्ये इमेज लुनारकडे. डायमंडचं गोदाम, कर्ज आणि माणसं जुन्या उलाढालीला पुरतील एवढी, आणि उलाढाल मात्र एकेक करून दुसऱ्यांकडे गेली. म्हणून लोक 'कॉमिक्स खपेनाशी झाली म्हणून डायमंड बुडाली' म्हणतात तेव्हा ते मला पटत नाही. कॉमिक्स खपत होती. फक्त तिच्यामार्फत खपत नव्हती.

१४ जानेवारी २०२५ रोजी मेरीलँडच्या दिवाळखोरी न्यायालयात 'चॅप्टर ११'चा अर्ज दाखल झाला. चॅप्टर ११ म्हणजे टाळं नव्हे. न्यायालयाच्या छत्राखाली धंदा चालू ठेवून विकायचा किंवा सावरायचा. पण त्या तारखेपर्यंतची सगळी देणी गोठतात. इथे एक कलम प्रकाशकांच्या फार कामाचं ठरतं: अर्जाआधीच्या वीस दिवसांत पोहोचलेल्या मालाचे पैसे बाकी सामान्य देण्यांच्या आधी मिळतात. म्हणजे नाताळनंतर पोहोचलेल्या खोक्यांचा मालक रांगेत पुढे, नोव्हेंबरमध्ये पाठवलेल्यांचा शेवटी. पावतीवर माल पोहोचल्याची तारीख नसेल तर हा हक्क सिद्ध करणं कठीण. तारण नसलेल्या येणेकऱ्यांत सर्वांत वर पेंग्विन रँडम हाऊसच होतं, नव्वद लाख डॉलरहून अधिक रकमेसह. मार्व्हल सोडून गेल्यावरही डायमंड तोच माल पेंग्विनकडून घेऊन आपल्या दुकानांना देत होती, त्याचं हे देणं.

मार्चमध्ये लिलाव झाला, 'अलायन्स एंटरटेनमेंट' जिंकली, एप्रिलमध्ये मागे फिरली आणि मामला कोर्टात गेला. अखेर मे महिन्यात 'अ‍ॅड पॉप्युलम' आणि कॅनडाच्या 'युनिव्हर्सल डिस्ट्रिब्युशन' यांनी तुकडे वाटून घेतले. ब्रिटनमधला धंदा युनिव्हर्सलकडे गेला.

तुमच्यासाठी खरा महत्त्वाचा भाग यानंतरचा. डायमंडच्या गोदामात शंभराहून अधिक प्रकाशकांचा माल 'कन्साइनमेंट'वर पडून होता. माल प्रकाशकाचा, जागा डायमंडची, विकला की पैसे. आपल्याकडे 'विक्रीनंतर पैसे' म्हणून पुस्तकं ठेवतात तोच प्रकार. जून २०२५ मध्ये डायमंडच्या बाजूने हा माल विकायची परवानगी न्यायालयाकडे मागितली गेली. प्रकाशकांना वाटलं होतं की माल आपला आहे, फार तर परत न्यायचा खर्च पडेल. पण अमेरिकी व्यापार कायद्यानुसार कन्साइनमेंटवर माल ठेवणाऱ्याने 'यूसीसी-१' नावाचं एक छोटं विवरण राज्याच्या कार्यालयात नोंदवलेलं असावं लागतं, आणि गोदामातल्या मालावर कर्ज देणाऱ्या बँकेला माल पोहोचण्याआधी कळवलेलं असावं लागतं. नोंद नसेल तर दिवाळखोरीत तुमचा माल धनकोंच्या वाट्याला धरला जाऊ शकतो, करारात काहीही लिहिलेलं असो. फी किरकोळ, मुदत पाच वर्षांची. पण दोन माणसांच्या प्रकाशनात हे करायला सांगणार कोण? बहुतेकांचं राहून गेलं होतं.

भारतातल्या वाचकाला काय फरक? डीसी-मार्व्हलचे संग्रह घेत असाल तर जवळजवळ काहीच नाही. ते पुस्तकांच्या वितरणसाखळीतून येतात, डायमंडमार्फत नव्हे. फटका बसतो तो छोट्या प्रकाशकांच्या ग्राफिक कादंबऱ्यांना, कारण डायमंडचीच 'डायमंड बुक डिस्ट्रिब्युटर्स' ही शाखा त्यांची पुस्तकं साध्या पुस्तकांच्या दुकानांत पोहोचवत होती. एखादं शीर्षक ऑनलाइन 'उपलब्ध नाही' दिसलं म्हणजे ते छपाईबाहेर गेलं असं धरू नका. आयएसबीएन उतरवून घ्या, प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नवा वितरक कोण ते बघा आणि तोच क्रमांक आपल्या पुस्तकवाल्याला द्या. शीर्षकावरून मागवलं की हमखास दुसरी आवृत्ती किंवा भलताच खंड येतो. सुटे अंक मागवणारांनी जुने डायमंडचे मागणी-क्रमांक विसरावेत. 'JAN' सारखी महिन्याची आद्याक्षरं, वर्ष आणि मग आकडा ही त्यांची रचना लुनारकडे चालत नाही. तिथे महिना-वर्षाचे आकडे आधी आणि मग प्रकाशकाची अक्षरं येतात. आणि कटऑफच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर मिळेल ती प्रत जुन्या बाजारातून आणि चढ्या भावाने.

तुमच्या स्वतःच्या पुस्तकाचं म्हणाल तर आपला कायदा इथे थोडा बरा आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या १८व्या आणि ३६व्या कलमात, कंपनीच्या ताब्यात असलेला पण दुसऱ्याच्या मालकीचा माल तिच्या मालमत्तेतून वगळलेला आहे. (संहितेचा हा भाग कंपन्यांसाठी, वितरक एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर वकिलाला विचारा.) पण मालकी तुमची, हे कागदावर दिसायला हवं आणि गाडी तिथेच अडते. विक्रीनंतर पैसे घ्यायचे असतील तर प्रती पाठवताना विक्रीचं बिल फाडू नका. बिल फाडलं की माल विकला गेला आणि तुम्ही नुसते येणेकरी उरलात. डिलिव्हरी चलन करा. त्यावर प्रतींची संख्या, आयएसबीएन, 'विक्रीसाठी ठेवलेला माल, मालकी प्रकाशकाची' अशी ओळ, आणि वितरकाची सही-शिक्का-तारीख. दर तिमाहीला शिल्लक प्रतींचा आकडा लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर 'आहेत साहेब साठ-सत्तर' एवढ्यावर भागवू नका. गोदामातल्या गठ्ठ्यांवर तुमच्या नावाचं लेबल असू द्या. माल परत न्यायची मुदत आणि वाहतूक कोण भरणार ते करारातच लिहा, कारण रंगीत, आर्टपेपरवरच्या दोनशे पानी पुस्तकाच्या पाचशे प्रती परत आणायचं भाडं ऐनवेळी नफा गिळून बसतं.

आणि सगळी आवृत्ती एकाच ठिकाणी ठेवू नका. हजार छापल्या तर तीनशे वितरकाकडे, बाकी घरी किंवा छापखान्याशी बोलून तिथे. खपल्याचा हिशेब आणि मागच्या खेपेचे पैसे हातात आल्यावरच पुढच्या तीनशे सोडा.