युनिकॉयची जुनी वाट जीपने करायची असेल तर

अटलांटाहून जीप घेऊन ऑक्टोबरात युनिकॉय डोंगरातली (नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवरची) चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांची जुनी वाट करायची आहे, त्यासाठी गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावावं का आणि जवळच्या टेलिकोचे जीप चालवायचे अवघड ट्रॅकही उरकता येतील का, असं तुम्ही विचारलंय.

टेलिकोचा नाद सोडा. ते ट्रॅक २००९ मध्येच कायमचे बंद झाले. चाकांनी उकरलेली माती टेलिको नदीत उतरत होती, ब्रूक ट्राउट मासे धोक्यात आले होते. बंदी योग्यच होती.

लिफ्ट किटचीही गरज नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी गावाहून ‘जो ब्राउन हायवे’ने युनिकॉय खिंडीपर्यंत चढायचं, मग टेनेसीच्या बाजूला खडीच्या रस्त्याने कोकर क्रीक गावाकडे उतरायचं. कोरड्या दिवसांत साधी फोर-व्हील ड्राइव्ह पुरते. खडी लागली की मी टायरमधली हवा थोडी कमी करतो, आणि उतारावर ब्रेक दाबत बसण्याऐवजी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवतो. वन विभागाचा वाहनमार्गांचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

आता मुख्य गोष्ट. जुनी वाट बऱ्याच ठिकाणी तुमच्या रस्त्याखाली नाही, शेजारच्या झाडीत आहे. गाडी लावून पायी जा. कमरेएवढी खोल, पानांनी भरलेली एक लांब चर दिसते, तीच ती जुनी वाट; तिच्या मधोमध आता झाडं वाढलीत. चार्ल्स टाउनचे (आजचं चार्ल्सटन बंदर) व्यापारी घोड्यांवर कापड, बंदुका लादून याच डोंगरातून चेरोकी गावांत यायचे आणि हरणांची कातडी घेऊन परतायचे. पुढे १८३८ मध्ये तीन हजारांवर चेरोकींना सैनिकांनी याच वाटेने घराबाहेर हाकलत नेलं. मी पहिल्यांदा त्या चरीत उतरलो तेव्हा बराच वेळ तिथून हलवेना.

म्हणून कळकळीने सांगतो, त्या चरीत चाक घालू नका. चिखल दिसला, खेळून घेऊ, असं अजिबात नको. पावसात एक गाडी गेली तरी काठ ढासळतात आणि ते पुन्हा बांधता येत नाहीत. जुन्या वस्तू शोधायचा मेटल डिटेक्टरही घरीच ठेवा.

टेनेसीतल्या टेलिको प्लेन्स गावात जेवून पुढे वोनोर गावाला जा. तिथली चोटा ही चेरोकींची एकेकाळची राजधानी १९७९ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेली. काठावर तिच्या आठवणीत आठ खांब उभे केलेत. तिथे उजेडी पोहोचाल अशा बेताने मर्फीहून सकाळी लवकर निघा.