काकांच्या जुन्या खोक्यात एअरफिक्सचे (प्लास्टिकची विमाने आणि छोटे सैनिक बनवणारी ब्रिटिश कंपनी) वॉटर्लूच्या लढाईतले मऊ प्लास्टिकचे सैनिक सापडले. त्यांच्यावर रंग टिकत नाही, सोलून येतो. काय करावे? आणि फ्रेंच घोडेस्वारांचे हेल्मेट बदलून त्यातून दुसरी रेजिमेंट करता येते का?

रंगाला दोष देऊ नका, दोष प्लास्टिकचा आहे. तुमच्या काकांच्या खोक्यातले वॉटर्लूचे सैनिक पॉलिथिनचे आहेत, म्हणजे दुधाच्या पिशवीच्या घराण्यातले. विमानांचे किट ज्या कडक पॉलिस्टायरीनचे असते, ते हे नव्हे. पॉलिथिन मेणासारखे निसरडे असते, त्याला काहीच धरत नाही. फेविकॉल आपल्याच प्लास्टिकच्या डब्याला का चिकटून बसत नाही, त्याचे कारणही हेच.

गंमत म्हणजे उपाय पुन्हा फेविकॉलच. (एअरफिक्सचा सैनिकांचा पहिला संच, तो गार्ड्सचा बँड, १९५९ चा, आणि फेविकॉलही त्याच वर्षीचे. निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.) तो प्लास्टिकला चिकटत नाही, पण वाळल्यावर मोज्यासारखा सगळीकडून सैनिकाला लपेटून बसतो, आणि सैनिक वाकला की तोही थोडा वाकतो. रंग त्या मोज्यावर बसतो.

आधी मात्र धुणे. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर पन्नास वर्षांनीही अंगावर असतो, शिवाय हाताळून लागलेले तेल वेगळेच. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. मग रात्रभर वाळवा आणि त्यानंतर अंगाला बोट लावू नका, तळाला धरा. फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून पातळ हात द्या. जाड दिलात तर चेहऱ्याचे नाक-डोळे बुजतात. माणूसच मुळात इंचभरही उंच नाही, तिथे नाक ते केवढे! त्यावर ॲक्रिलिक रंग. मी खालचा हात कापडावर रंगवायच्या ॲक्रिलिकचा देतो, कारण ते मुळातच लवचिक असतात. रंगकाम संपले की वरून पुन्हा एक पातळ फेविकॉल आणि शेवटी मॅट वॉर्निश. तलवारीचे टोक आणि बंदुकीची नळी इथूनच रंग उडायला सुरुवात होते, तिथे दोन हात द्या. वाकड्या तलवारी रंगाआधीच सरळ करून घ्या: चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात बुडवा, सरळ करा आणि तशाच धरून गार पाण्यात.

एक धोका आधी तपासा. काही जुने सैनिक वाकतच नाहीत, बिस्किटासारखे मोडतात. उजेड, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी प्लास्टिक आतून थकलेले असते, आणि हे परत फिरवता येत नाही. तळाची कड हळूच वाकवून बघा. कटकन मोडली तर त्या सैनिकावर कापाकापी नको, गरम पाणीही नको. फेविकॉल लावून पुठ्ठ्यावर उभा करा आणि विसरा. माझे अर्धे हायलँडर (घागऱ्यातले स्कॉटिश सैनिक) असेच निवृत्त झाले आहेत.

आता हेल्मेट. फ्रेंच घोडदळाचा जो संच आहे ते क्विरासिए: गडद निळा कोट, छातीवर पोलादी चिलखत, हेल्मेटमागे घोड्याच्या केसांची काळी शेपटी. यातून सर्वात सोपी आणि सर्वात देखणी रेजिमेंट होते ती कॅराबिनिएंची, म्हणजे चिलखत घालणाऱ्याच दुसऱ्या फ्रेंच घोडेस्वारांची. त्यांच्या दोन्ही रेजिमेंट १८ जून १८१५ ला वॉटर्लूवर होत्या, तेव्हा इतिहासालाही धक्का लागत नाही. १८१० नंतर त्यांचा कोट पांढरा, कॉलर आकाशी, चिलखतावर पितळी पत्रा आणि हेल्मेटवर सुरवंटासारखी लालभडक कलगी. शेपटी नाही, बाजूचा तुरा नाही.

म्हणजे काम एवढेच: नव्या पात्याने मागची शेपटी आणि तुरा उडवायचा. कापा, घासू नका. पॉलिथिनवर पॉलिश पेपर फिरवलात तर लव उभी राहते आणि सैनिक टॉवेलसारखा दिसतो. कपाळाभोवतीची केसाळ पट्टीही पातळ सोलून काढा. कलगीसाठी एम-सीलची बारीक वळी. ती नुसती ठेवली तर रंगासारखीच निसटेल, म्हणून हेल्मेटच्या माथ्यावर तापवलेल्या सुईने दोन-तीन भोके पाडा आणि एम-सील त्यांत दाबा, म्हणजे ते आतून खिळा मारल्यासारखे धरते. घट्ट होण्याआधी ओल्या सुईने आडव्या रेघा ओढल्या की झाला सुरवंट.

पूर्ण डोकेच बदलायचे असेल तर टाचणी हवी. फेविक्विक इथे फसवते, आज धरते आणि उद्या सोडते. किट जोडायचा गोंद, ज्याला सिमेंट म्हणतात, तो तर या प्लास्टिकला विरघळवतच नाही. मान कापून टाचणीचा तुकडा गरम करून धडात उभा खुपसा, गार झाला की वरून डोके बसवा. डोके इकडे-तिकडे वळवण्याची सोयही त्यातून मिळते, आणि एका साच्यातले दहा जण दहा दिशांना बघू लागले की पलटण जिवंत वाटते. टाचणी पक्कडीने तोडताना चष्मा घाला. माझा एक तुकडा पंख्यावरून परत आला होता. सुई तापवताना खिडकी उघडी ठेवा, आणि मेणबत्तीवर तापवू नका, काजळी धरते.

खोके सीलबंद असेल तर मात्र हात लावण्याआधी दोनदा विचार करा. संग्राहकांना न रंगवलेला, पूर्ण संच हवा असतो. उघडलेले, अर्धे भरलेले असेल तर बिनधास्त सुरू करा. पहिला प्रयोग संचातल्या त्या एका सैनिकावर करा, जो नेमके काय करतोय हे कुणालाच कधी कळलेले नसते. प्रत्येक खोक्यात असा एक असतोच, आणि तोही चार-पाच प्रतींत.